स्पिन म्हणजे कातणं की फिरणं? (वॉशिंग मशीनच्या बटणासाठी विचारतेय)

उंबरठा:

नमस्कार मंडळी. मी पुण्यात अनुवादाची कामं करते. कवितांचे वगैरे नाही. विम्याचे अर्ज, मिक्सरची माहितीपत्रकं, औषधाच्या खोक्यात घडी करून कोंबलेली ती बारीक अक्षरांची चिठ्ठी, असलं. सध्या एका वॉशिंग मशीनची बटणं मराठीत आणतेय. वॉशचं झालं 'धुणे'. रिन्सला मी 'खळबळणे' सुचवलं आणि ते चक्क मंजूर झालं, त्या आनंदात दोन दिवस गेले. मग आलं स्पिन.

मी लिहिलं 'पिळणे'. घरात आम्ही तेच म्हणतो. सासूबाई आतल्या खोलीतून विचारतात ते "अगं, पिळायला लावलंस का?" असंच. कंपनीच्या तपासनिसाने ते तांबड्यात खोडून 'फिरवणे' केलं आणि बाजूला शेरा मारला: स्पिन म्हणजे गोल फिरणे, पिळणे म्हणजे ट्विस्ट, अर्थ बदलतो. आता ड्रम तर धुतानाही फिरतो आणि खळबळतानाही फिरतो. मग 'फिरवणे' हा मान या एकाच बटणाला का?

भांडायचं तर पुरावा हवा म्हणून कोश उघडला, तर तिथे स्पिनपुढे पहिलाच अर्थ 'सूत कातणे'. गोल फिरणं त्याच्या मागून. माहेरी जाताना एसटीच्या खिडकीतून एक पाटी दिसायची, वर मराठीत 'सहकारी सूतगिरणी', खाली इंग्रजीत 'स्पिनिंग मिल'. मी लहानपणी समजायचे की आत कसली तरी मोठाली चाकं गरगरा फिरत असणार, म्हणून स्पिनिंग. दोन्ही शब्द एका पाटीवर वाचूनही सूत आणि स्पिन यांचा संबंध चाळीस वर्षं डोक्यात आला नाही.

तर प्रश्न असा: आधी काय, कातणं की फिरणं? आणि एकाच क्रियापदात सूत, भोवरा, फिरकी गोलंदाज आणि बातमीला हवी तशी मुरड घालणारे राजकीय सल्लागार, हे सगळे कसे जाऊन बसले? शिवाय बटणावर काय लिहू तेही सांगा. शुक्रवारी मसुदा द्यायचाय.

सह्याद्रीपुत्र:

सोपं आहे ताई. मूळ शब्द आपलाच. संस्कृत 'स्पंद' म्हणजे थरथरणे, हालणे. स्पंद, स्पंदन, स्पिन. बटणावर 'स्पंदन' लिहा, ऐकायलाही छान वाटतं.

उंबरठा:

कपड्यांचं स्पंदन. सासूबाईंना विचारून बघते.

रिंगफ्रेम:

स्पंदनाचं राहू द्या. आवाज सारखा म्हणून सोयरीक होत नसते, नाहीतर आमच्या गल्लीतला बंडू आणि इंग्लंडातला बाँड भाऊ भाऊ झाले असते.

मी इचलकरंजीकडच्या एका सूतगिरणीत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा वर्षं रिंगफ्रेम खात्यात, म्हणजे जिथं प्रत्यक्ष सूत कातलं जातं तिथं. कानात गिरणी वाजायची ती निवृत्तीनंतरही वाजतेच आहे, त्यामुळं रात्री झोप कमी आणि वाचन जास्त. नातवाच्या फोनवर इंग्रजी शब्दांची मुळं शोधायचा नाद लागलाय. तुमचा प्रश्न बघितला आणि म्हटलं, हा तर आपल्या खात्याचा.

आधी कातणं. त्यात शंकाच नाही. जुन्या इंग्रजीत 'स्पिनन' होतं, त्याचा अर्थ फक्त सूत कातणं. जर्मन लोक आजही कातण्याला 'श्पिनेन' म्हणतात. बायबलात रानातल्या फुलांबद्दल वाक्य आहे ना, ती कष्ट करत नाहीत आणि कातत नाहीत, तिथं चौथ्या शतकातल्या गॉथिक, म्हणजे जर्मनच्याच कुळातल्या एका जुन्या भाषेतल्या, भाषांतरात हेच क्रियापद आहे आणि १६११ च्या इंग्रजी भाषांतरातही हेच. मधल्या काळात १३८१ मध्ये इंग्लंडात शेतकऱ्यांचं बंड झालं, तेव्हा जॉन बॉल नावाच्या पाद्र्यानं लोकांना विचारलं होतं, आदम जमीन खणत होता आणि ईव्ह सूत कातत होती, तेव्हा सरदार कोण होता? तिथंही तेच क्रियापद, जुन्या भूतकाळी रूपात, 'स्पॅन'. ईव्ह तिथं गिरक्या घेत नव्हती. स्वतःभोवती गरगर फिरणं हा अर्थ बसला तो सतराव्या शतकात.

पण माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. कातणं म्हणजेसुद्धा मुळात फिरवणं नव्हे. या शब्दाचं जे सगळ्यात जुनं मूळ सांगतात, त्याचा अर्थ ओढणं, ताणणं. आणि जो कोणी रिंगफ्रेमपाशी उभा राहिलाय त्याला हे कोश न उघडता कळतं.

बघा. आमच्याकडं येणाऱ्या कापसाचा एक तंतू जेमतेम २८ ते ३० मिलिमीटर. पेरभर म्हणा. असल्या पेराएवढ्या केसांपासून मैलोगणती धागा करायचा. चाळीस नंबरचं सूत म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या ४० लड्या, हिशोब केला तर ३३,६०० यार्ड, म्हणजे तीस किलोमीटरच्या वर. एक पौंड कापूस आणि इचलकरंजीहून कोल्हापूर. आता हे होतं कसं? कापसाची जाडसर वात रुळांच्या जोड्यांमधनं जाते. पुढचे रूळ मागच्यांपेक्षा कितीतरी जोरात फिरतात, म्हणून वात ताणली जाते, बारीक होते. हीच ती ओढ. पण नुसती ओढलेली वात फुंकरीनंही तुटेल, कारण तंतू एकमेकांना धरून नाहीत. म्हणून रुळांतनं बाहेर पडल्या पडल्या तिला पीळ द्यायचा. खाली चाती, म्हणजे स्पिंडल, मिनिटाला पंधरा हजार फेऱ्यांनी फिरत असते. तिच्याभोवती एक कडी, कडीवर नखाएवढा पोलादी आकडा धावतो, त्याला ट्रॅव्हलर म्हणतात. धागा त्याच्यातनं ओवलेला. आकड्याची एक फेरी झाली की धाग्याला एक पीळ. आणि आकडा चातीपेक्षा किंचित मागं पडतो, तेवढ्या फरकानं धागा बॉबिनवर गुंडाळला जातो. हा मागं पडण्याचा प्रकार मला पहिली दोन वर्षं कळलाच नव्हता. नुसता धागे जोडत होतो. एका बाजूला शेकडो चात्या, कुठं तुटलं ते शोधायचं, बोटाला गुंडाळून परत लावायचं, पुढं सरकायचं. पाळी संपेपर्यंत भुवयांवर कापूस. बायको म्हणायची, आमच्या घरी रोज म्हातारा येतो.

तर ओढ आणि पीळ. चातीचं फिरणं हे त्या पिळासाठी. साधन आहे ते.

हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं एका भेटीत. ऐंशीच्या दशकात आम्हा चौघांना एका नायलॉनच्या कारखान्यात नेलं होतं. तिथला माणूस म्हणाला, चला, आता स्पिनिंग खातं बघू. मी कान झाकायच्या तयारीत. आत गेलो तर चाती नाही, कडी नाही, उडणारा कापूस नाही. वर न्हाणीघरातल्या शॉवरसारखी बारीक भोकांची चकती. वितळलेला रस तिच्यातनं दाबानं खाली येतो आणि हवेत गार होऊन त्याचे धागे होतात. खालच्या मजल्यावर गुंडाळायला रीळ फिरत होते तेवढेच. मी विचारलं, साहेब, इथं स्पिन काय होतंय? तो म्हणाला, हेच की. त्या चकतीला तो 'स्पिनरेट' म्हणत होता. मला वाटलं चेष्टा करतोय. घरी येऊन मग कळलं की कोळ्याच्या पोटाला जिथनं तंतू निघतो त्या अवयवालासुद्धा हेच नाव. 'स्पायडर' हा शब्दही स्पिनच्याच घरातला, मूळ अर्थ कातणारा. कोळी काय स्वतःभोवती गरगर फिरतो होय? तो ओढतो.

मग फिरण्याचा अर्थ चिकटला कसा? हे आता माझं मत, पटलं तर घ्या. कातणारीचं लक्ष धाग्यावर. दारातनं बघणाऱ्याला धागा दिसतच नाही, इतका तो बारीक. त्याला दिसते गरगरणारी चाती. काम एकीचं आणि शब्दाचा अर्थ ठरवला बघ्यांनी. मग तो शब्द भोवऱ्याला लागला, चेंडूला लागला, तुमच्या ड्रमला लागला. तुम्हीपण एसटीतनं बघून तेच केलंत, वाईट वाटून घेऊ नका.

बटणाचं नंतर सांगतो, नातू फोन मागतोय.

बोल्टनवाली:

रिंगफ्रेम काका, तुमच्यासाठीच खातं उघडलं! इतकी वर्षं नुसती वाचत होते.

मी इंग्लंडात बोल्टनला राहते. आमच्या गावात 'हॉल इथ वूड' नावाचं एक जुनं घर आहे, आता तिथे संग्रहालय आहे. त्या घरात राहणाऱ्या सॅम्युएल क्रॉम्प्टनने १७७९ मध्ये कातण्याचं एक यंत्र तयार केलं. त्याच्या आधी याच भागात, लँकेशायरमध्ये, जेम्स हारग्रीव्ह्जची जेनी आली होती, एका चाकावर आठ चात्या चालवणारी, आणि रिचर्ड आर्कराइटची पाण्यावर चालणारी फ्रेम, जिच्यात तुमचे ते कमी-जास्त वेगाचे रूळ होते. क्रॉम्प्टनने दोन्हींची सांगड घातली. घोडी आणि गाढव यांच्या संकरातून खेचर, म्हणून यंत्राचं नावच 'म्यूल'. त्याने पेटंट घेतलं नाही. दुसऱ्यांनी गिरण्या उभारल्या आणि त्याला १८१२ मध्ये पार्लमेंटने ५,००० पौंड देऊन वाटेला लावलं.

पण मी हे का सांगतेय, तर ते म्यूल चालतं कसं. चात्या एका गाड्यावर बसवलेल्या असतात आणि तो अख्खा गाडा रुळांवरून पाचेक फूट मागे सरकतो. धागा ताणत जातो. सोबत पीळ. मग गाडा परत येतो आणि येताना धागा गुंडाळतो. पुन्हा मागे. मी चित्रफितीत बघितलं तेव्हा वाटलं होतं, हे फिरण्यापेक्षा अंगणात सडा घालत मागे मागे जाणाऱ्या बाईसारखं दिसतंय. आज तुमचं 'ओढ' वाचलं आणि लख्ख कळलं.

आता माझी स्वतःची गोष्ट. आमचं लग्न इथल्याच नोंदणी कार्यालयात झालं, २००३ मध्ये. दाखल्यावर नवऱ्याच्या नावापुढे 'बॅचलर' आणि माझ्या नावापुढे 'स्पिन्स्टर'. वय २९! मी त्या बाईला म्हटलं, हे जरा जास्तच होतंय. ती म्हणाली, कायद्यातला शब्द आहे. शब्दाचा मूळ अर्थ साधा, 'कातणारी बाई'. तो 'स्टर' जुना बायकी प्रत्यय. विणणारी ती वेब्स्टर, भाकरी भाजणारी बॅक्स्टर, बिअर गाळणारी ब्रूस्टर. त्या तिघी आडनावं होऊन सुटल्या. पूर्वी नावापुढे धंदा लिहायची रीत होती, बायकांच्या नावापुढे बहुधा कातणारी असंच यायचं, आणि सतराव्या शतकापर्यंत त्या शब्दाचा कायद्यातला अर्थच 'अविवाहित' झाला. म्हणजे काकांचे बघे इथेही आलेच. २००५ च्या अखेरीस इंग्लंड आणि वेल्समध्ये तो शब्द नोंदवहीतून गेला, आता दोघांपुढेही 'सिंगल' लिहितात. माझा दाखला मात्र तसाच आहे. मी आयुष्यात एक वीत सूत कातलेलं नाही.

इंदूआजी:

मला ही लेखनाची पेटी नातीने शिकवली, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

मी कातलं आहे. आमच्या शाळेत सूतकताईचा तास असे. १९५५-५६ ची गोष्ट. प्रत्येकाची आपापली टकळी, लोखंडी तार, टोकाशी आकडी आणि खाली पितळेची चकती. गुरुजी विनोबांचे भक्त होते, त्यामुळे चरखा श्रीमंतांचा आणि टकळी गरिबांची असं त्यांचं मत. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी करून घेतलेला पेटीचा चरखा फक्त एकदा दाखवायला आणला होता, हात लावू दिला नाही.

पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, डाव्या हातात धरायचा, उजव्या हाताच्या चिमटीने टकळीला गिरकी द्यायची, आणि हात वर वर न्यायचा. गिरकी कोणीही देतं हो, पहिलीतलं पोरसुद्धा. सगळी कसब डाव्या हातात. हात भराभर नेला तर धागा तुटतो. हळू नेला तर पीळ जास्त होऊन धागा स्वतःच्याच अंगावर चढतो, वेटोळी पडतात. धागा तुटला की टकळी फरशीवर पडून ठण्णकन वाजायची. गुरुजी वहीतून डोकं वर न काढता विचारायचे, "कोणाची?" माझीच असायची.

रिंगफ्रेमभाऊ म्हणतात ते खरं, ओढण्यातच कातणं आहे. पण एक बघा. आपल्या मराठीने कातणं ते कातणंच ठेवलं. "भोवरा कातला" असं कोणी म्हणत नाही. आपल्याकडे घसरली ती टकळी. ती थांबत नाही म्हणून न थांबणाऱ्या बोलण्याला आपण टकळी म्हणतो. "बंद कर तुझी टकळी" हे वाक्य मी शाळेत जितकं ऐकलं तितकं नंतर सासरीही ऐकलं. उंबरठा, तुमच्या इंग्रजीत कातण्याचं बोलण्याशी काही आहे का?

आणि बटणाचं म्हणाल तर चादर कशी पिळायची ते आठवा. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची आणि उलट्या दिशांना पीळ देत जायचं. ओढ आणि पीळ. ते सूत कातणंच झालं, फक्त जाड. 'पिळणे' बरोबर आहे.

उंबरठा:

आजी, साष्टांग. आणि हो, आहे! इंग्रजीत लांबण लावून गोष्ट सांगण्याला 'सूत कातणे' असंच म्हणतात. खलाशांच्या बोलीतून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेला वाक्प्रचार. जहाजावर जुन्या दोरांचं सूत वळत बसण्याचं कंटाळवाणं काम असायचं आणि त्यात गप्पा चालायच्या, असं त्याचं कारण सांगतात. राजकारणातला 'स्पिन' मात्र अलीकडचा, १९८० च्या दशकातला अमेरिकी. त्याचं नातं मला चेंडूच्या फिरकीशी जास्त वाटतं. पडल्यावर वळतो तो. आपणही एखाद्याची फिरकी घेतो, पण ती चेष्टा. खोटं बोलणं नाही.

थोडक्यात, तिकडे सूत गोष्टीत गेलं आणि आपल्याकडे टकळी तोंडात. शेजारच्या घरांत राहून एकमेकांना न विचारता केल्यासारखं.

शब्दखोर:

टकळीचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. सह्याद्रीपुत्र, संस्कृत आणायचंच असेल तर असं आणू.

संस्कृतात चातीला 'तर्कु' म्हणतात. टकळी त्याच कुळातली. या तर्कुचं मूळ 'पिळणे, वळवणे' अशा अर्थाच्या एका प्राचीन धातूत आहे, आणि त्याच धातूतून लॅटिन 'तोर्क्वेरे' झालं, ज्यातून भौतिकशास्त्रातला टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, आला. गाड्यांच्या जाहिरातीत इतके इतके न्यूटन मीटर म्हणून छाती फुगवतात तो टॉर्क. आजींच्या टकळीचा चुलतभाऊ.

म्हणजे प्रवास नेमका उलटा झालाय! इंग्रजांनी कातण्यावरून फिरण्याला नाव दिलं, संस्कृताने पिळण्या-वळवण्यावरून कातण्याच्या हत्याराला नाव दिलं. टकळीच्या खालच्या चकतीला संस्कृतात 'वर्तुला' हा शब्द आहे, आपल्या वर्तुळाची सख्खी बहीण. इंग्रजीत त्या चकतीला 'व्होर्ल', आणि बोटांच्या ठशांत जे गोल भोवरे असतात त्यांनाही व्होर्ल. आधार कार्डासाठी अंगठा टेकवताना सगळेजण आपल्या टकळीची चकती दाखवून येतात.

'चरखा' फारसी 'चर्ख'वरून, आणि चर्ख हा आपल्या 'चक्रा'चा फारसी भाऊ. त्यामुळे ज्यांना चरखा स्वदेशी की परदेशी असा वाद घालायचाय त्यांनी वेगळा धागा काढावा. (धागा! बघा.)

'कातणे' संस्कृत 'कृत्' धातूपासून. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, कृत् दोन आहेत, एक छेदनाचा आणि एक वेष्टनाचा, म्हणजे गुंडाळण्याचा. पहिल्यातून कातरणं आणि कात्री, दुसऱ्यातून कातणं. एक धागा तोडतो, दुसरा बनवतो, आणि दिसायला दोघे जुळे.

नववीब_मास्तर:

दोन मुद्दे, घाईत, पेपर तपासतोय.

एक. उंबरठाताई, शास्त्राप्रमाणे 'पिळणे' चूकच. मशीन कपड्याला पीळ देत नाही. ड्रम मिनिटाला हजारभर फेरे घेतो, कपडे भिंतीला चिकटतात, कपड्यांना भिंत अडवते आणि पाण्याला भोकं अडवत नाहीत. पाणी सुटून जातं. एवढंच. तपासनीस पूर्ण मूर्ख नाही.

दोन. फिरण्याच्या शब्दांनी मलाही छळलंय. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन, सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण. दरवर्षी अर्धा वर्ग उलटं लिहितो. इंग्रजीत पहिलं रोटेशन, दुसरं रिव्होल्यूशन. रोटेशन लॅटिन 'रोटा'वरून, म्हणजे चाक, त्याचा आपल्या 'रथा'शी संबंध आहे. रिव्होल्यूशनमधलं 'व्हॉल्व्हेरे' म्हणजे लोळवणं, वळवणं, आणि ते आपल्या 'वल्' धातूचं नातेवाईक मानतात. आणि 'वलन' आपण घातलं कुठे? परिवलनात, म्हणजे रोटेशनला! मूळ बघून शिकवायला गेलो तर पोरं बरोबर उलटं लिहितील. म्हणून शिकवत नाही.

जाता जाता: १९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या दोन तरुण भौतिकशास्त्रज्ञांनी, ऊलेनबेक आणि गाउडस्मिट, इलेक्ट्रॉनला 'स्पिन' असतो असं मांडलं. लोरेंट्झ या बुजुर्ग भौतिकशास्त्रज्ञाने हिशोब करून सांगितलं की इलेक्ट्रॉन खरंच चेंडूसारखा फिरत असेल तर त्याचा पृष्ठभाग प्रकाशापेक्षा वेगाने जायला लागेल. स्पिन खरा ठरला, फिरणं खोटं. नाव मात्र तेच चालू आहे. तो कातत नाही आणि फिरतही नाही.

रिंगफ्रेम:

मास्तर, हजार फेरे म्हणजे आमच्या हिशोबात चाती बंद पडत आलेली.

पण तुमचा पहिला मुद्दा मान्य नाही. मशीन पीळ देत नाही हे खरं, पण बटण दाबणारीला भौतिकशास्त्र नको असतं, पुढं काय होणार ते हवं असतं. धुणं, खळबळणं आणि मग पिळणं, ही धुण्याच्या दगडापासनं चालत आलेली क्रमवारी आहे. दगड गेला तरी क्रम तोच. आणि काढताना बघा की, बाह्या एकमेकींत अडकून विजारींना असे पीळ पडलेले असतात की सोडवता सोडवता सुंभाची म्हण आठवते. पीळ देत नाही म्हणे!

उंबरठाताई, 'पिळणे'च ठेवा. तपासनिसाला सांगा, गिरणीतला माणूस म्हणतोय की स्पिनमध्ये पीळ पहिल्यापासनं आहे, फिरणं नंतर आलंय.

बोल्टनच्या ताई, त्या घराचा फोटो टाका जमलं तर. म्यूल मी पुस्तकातच बघितलंय.

बोल्टनवाली:

रविवारी जाते काका. पाऊस नसेल तर. म्हणजे पावसातच जाते.

सह्याद्रीपुत्र:

स्पंदन मागे घेतो. वर्तुला आवडली.

उंबरठा:

शुक्रवारी मसुदा दिला. 'पिळणे' ठेवलं आणि शेऱ्याखाली उत्तरादाखल अर्धं पान लिहिलं: गॉथिक फुलं, नायलॉनचा शॉवर, आजींची चादर, सगळं. गिरणीतला माणूस म्हणतोय हेही लिहिलं.

आज अंतिम प्रत आली. बटणावर 'स्पिन' छापलंय, देवनागरीत. वॉशचं 'वॉश' झालंय. रिन्सचं 'रिन्स'.

सासूबाईंना फोनवर चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, म्हणाल्या, "स्पिन म्हणजे पिळायचं ना?"

रिंगफ्रेम:

खळबळणे गेलं ते वाईट झालं.